अपडेट चालू असताना

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. ही म्हण ज्यानं काढली त्याच्या घरी कॉम्प्युटर नसणार, पण अपडेट म्हणजे काय ते त्याला पक्कं कळलं होतं. सकाळी चहाचा कप घेऊन टेबलाशी बसावं तर पडद्यावर आपलं गोल गोल फिरतंय आणि खाली लिहिलेलं, 'अपडेट चालू आहे. कॉम्प्युटर बंद करू नका.' अरे, पण तुला बोलावलं कुणी? काल संध्याकाळपर्यंत सगळं बरं चाललं होतं की!

बारक्या अपडेटांबद्दल माझी तक्रार नाही. ती येतात, चहा पिऊन जातात. माझं भांडण त्या मोठ्या अपडेटशी. ते वर्षातनं एखाद्दुसऱ्या वेळी येतं आणि घरातली भांडी इकडची तिकडं करून जातं. एकदा आवाजच गेला. एकदा प्रिंटर दिसेना. प्रिंटर तिथंच, हाताशी, दिवा लागलेला, आणि मशीन म्हणतंय, असं कुणी इथं राहत नाही. एकदा तर मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आले. कराडात सगळं आयुष्य मराठी टायपिंगचा क्लास चालवलेली बाई मी, माझ्यापुढं चौकोन! माझं डोकं असं सणकलं म्हणता, मी त्या मशीनला नाही नाही ते बोलले. घरात ऐकायला दुसरं कुणी नव्हतंच.

क्लास बंद होऊन बरीच वर्षं झाली. परीक्षा कॉम्प्युटरवर गेली, टाइपरायटर भंगारात गेले, आणि दोन वर्षांनी आमचे हेही गेले. एकुलती एक लेक जर्मनीत, कॉम्प्युटरच्याच कंपनीत. जाताना तिनं तिचं जुनं मशीन माझ्या टेबलावर मांडून दिलं. 'तुझी बोटं गप बसायची नाहीत,' म्हणाली. खरंच होतं ते. गल्लीतल्या मंडळाच्या नोटिसा, कुणाचा अर्ज, कुणाची लग्नपत्रिका छापायला जायच्या आधी तपासून देणं, असलं काहीबाही मी करत बसायची. त्यावर दिवस जायचा.

आमच्या वरच्या मजल्यावर एक रिटायर्ड सुभेदार राहतात, मूळचे आष्ट्याचे. त्यांच्याकडंही कॉम्प्युटर आहे, पण त्यांनी अपडेटं केव्हाच बंद करून टाकलीत. "वहिनी, पलटणीत आमचा एकच कायदा," ते म्हणायचे, "चलती मशीन को छेडने का नहीं. आवं, चालत्या गाडीला खीळ घालतंय त्ये अपडेट! मी एका मिनटात बंद करून देतो तुमचं."

लेकीला हे सांगितलं तर ती भडकली. बंद केलं तर चोराला दार उघडं ठेवल्यासारखं होतं, म्हणाली. आणि वर म्हणाली, "आई, अपडेट काही बिघडवत नाही गं. आत आधीच जे ढिलं झालेलं असतं ते उघडं पडतं, एवढंच."

"मग झाकलेलं बरं होतं की!" मी म्हटलं.

खरं कुणाचं, मला अजून माहीत नाही. सुभेदारांचं मशीन ठणठणीत चालतं हे मी डोळ्यांनी बघत होते, आणि माझं दर मोठ्या अपडेटनंतर आजारी पडत होतं. सरळ हिशेबानं मी सुभेदारांचं ऐकायला हवं होतं. ते दोनदा जिना उतरून, चष्मा लावून, बटण दाबायला तयार होऊन आले. दोन्ही वेळा मी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. "लय हट्टी हाय तुमी," म्हणाले बिचारे. त्यांना काय सांगणार?

सांगायचं ते इथं सांगते. मशीन बिघडलं की माझी लेक मला तासभर मिळायची.

एरवी तिचा फोन रविवारी यायचा. जेवलीस का, गोळी घेतलीस का, पाऊस आहे का, बरं ठेवू? दोन मिनिटांत कारभार आटपला. मीही कमी नाही, 'हो, घेतली, नाही, ठेव' असंच माझं. आमच्या दोघींना गोड बोलायची सवय नाही. लहानपणी तिला मी जवळ घेऊन बसले असेन त्यापेक्षा जास्त वेळा तिच्या मनगटावर पट्टी मारली असेल, बोटं चुकीच्या कळीवर पडली म्हणून.

पण मशीन बिघडलं, की मी फोन करायची. "अगं, परत बिघडलं बघ." मग ती तिकडून एक नंबर विचारायची, मी पडद्यावरचा वाचून दाखवायची, आणि माझ्या डोळ्यांदेखत तो बाण आपोआप हलायला लागायचा. मी हात मांडीवर ठेवून बसलेली आणि बाण आपला इकडून तिकडं पळतोय, खिडक्या उघडतोय, मिटतोय. पहिल्यांदा बघितलं तेव्हा दचकलेच मी. मग सवय झाली. माझ्या टेबलावर तिचा हात फिरतोय असं वाटायचं, आणि मी त्या बाणाकडंच बघत राहायची. सुभेदार एकदा हे बघून म्हणाले, "उंटावरनं शेळ्या हाकतीया की पोरगी!" म्हटलं, हाकू दे. निदान शेळ्यांची आठवण तरी आहे.

त्यातही खरी मजा बाण थांबल्यावर. ती काहीतरी सुरू करून द्यायची आणि मग पडद्यावर आकडा यायचा, बारा टक्के, तेरा टक्के. आता दोघींनाही काही काम नाही. फोन ठेवावा तर मध्येच काही विचारलं तर? मग बोलायचं. दळणाचा डबा गिरणीत ठेवून नंबराची वाट बघत बसलेल्या बायका कशा बोलतात, तसं. घरात तोंडातून निघत नाही ते गिरणीच्या पायरीवर निघतं. तिथल्या भाकरीला पीठ कुठलं मिळतं, शेजारीण कशी खवट आहे, बर्फात पाय घसरला तेव्हा कुणी हात दिला, हे मला सगळं त्या टक्क्यांच्या वेळात कळलेलं आहे.

आणि ती गोष्टही. मराठी अक्षरांचे चौकोन झाले होते, त्याच वेळची. आकडा चाळिसाच्या आसपास अडकून बसला होता. मी म्हटलं, "जावईबापू कुठायत? आवाज नाही त्यांचा." मला वाटलं फोन तुटला. मग ती म्हणाली, "आई, आम्ही वेगळे राहतोय. उन्हाळ्यापासून."

ओरडावं, रडावं, का विचारावं, काही सुचेना. आणि तीच म्हणाली, "आता लगेच काही बोलू नकोस. आकडा पूर्ण होऊ दे." आम्ही तो आकडा पूर्ण होईस्तोवर गप्प बसलो, ती तिकडं, मी इकडं. शेवटी पडदा एकदा काळा होऊन उजळला आणि चौकोनांच्या जागी माझी अक्षरं परत आली. ती म्हणाली, "झालं बघ." मी म्हटलं, "जेवलीस का?" ती म्हणाली, "आता जेवते."

त्या दिवसापासून मला अपडेटची आसच लागली. माझी पोर परक्या मुलखात एकटी राहते, तिला कुणाशी बोलावंसं वाटत असेल, आणि बोलायला आमच्याकडं जागा कुठली तर ते बिघडलेलं मशीन. ते आहे तोवर ती आत येईल, बाण हलेल, आकडा अडकेल, आणि कधीतरी पुढचं सांगेल. असं मी धरून चालले होते. दुसरा काही मार्ग असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारा-अवजारांची पूजा असते हे सांगायला नको. माझे सासरे माधवनगरला कापडाच्या गिरणीत होते. एरवी कानठळ्या बसवणारे माग त्या दिवशी कसे चिडीचूप असायचे हे ते सांगायचे. पूजेला यंत्र शांत पाहिजे, हा त्यांचा दंडक. तोच मी क्लासला लावला. आदल्या दिवशी सगळे टाइपरायटर पुसून, तेल देऊन ओळीनं मांडायचे, झेंडूच्या माळा, हळदकुंकू, पुढं नारळ, आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत एका कळीलाही बोट लावायचं नाही. कुंकू लावायचं काम लेकीचं असायचं. तिला फ्रॉकवर कुंकू सांडून घ्यायची फार हौस.

तर त्या सकाळी न्हाऊन, नैवेद्य करून, माळ घेऊन टेबलाशी आले, आणि बघते तर मेलं अपडेट सुरू! 'बंद करू नका.' म्हटलं होईल पूर्ण, थांबू. थांबले. आकडा हलेना. पुरण गार झालं. बारा वाजून गेले. उदबत्तीच्या दोन काड्या आधीच जळून गेल्या. आता चालत्या यंत्राला हळदकुंकू लावायचं कसं? आतून घरघर चालू आणि वरून मी फुलं वाहतेय, हे कुठल्या शास्त्रात बसतं? आणि काही बिघडलंच तर लेक आहेच की दुरुस्त करायला. मी भिंतीवरचं बटण बंद केलं. घरघर थांबली. मग कशी छान पूजा झाली! मशीनला माळ, कीबोर्डला कुंकवाचं बोट, नारळ, नैवेद्य. दुसऱ्या दिवशी सोनं म्हणून आपट्याचं पान ठेवलं, नमस्कार केला आणि बटण दाबलं.

पडदा काळा. कोपऱ्यात एक बारीक पांढरी रेघ लुकलुकत होती, बास.

"अगं, परत बिघडलं बघ," मी नेहमीसारखा फोन केला. आतून खूशच होते, खोटं कशाला बोलू.

तिनं मोबाइलचा कॅमेरा पडद्यासमोर धरायला लावला. हे दाब, ते दाब, आता बंद कर, आता ही दोन बटणं एकदम. काही होईना. मग विचारलं, "आई, नक्की काय केलंस?" मी सांगितलं. तिनं मोठा श्वास सोडला. "बंद करू नका असं लिहिलेलं असतं ना? तुला वाचता यावं म्हणून मराठीत करून दिलंय मी ते."

"अगं, पण खंडेनवमी होती."

"काय होती?"

थोड्या वेळानं तिला आठवलं. "अच्छा, ते होय," म्हणाली. फ्रॉकभर कुंकू करून घेणारी माझी पोर. तिचं तरी काय चुकलं? तिथं कुठली खंडेनवमी? पण मला फार लागलं ते.

"आता तू आत ये ना," मी म्हटलं. "बघ तुझ्या हातानं."

"नाही येता येत, आई. मशीन सुरू झालं तरच मला आत येता येतं."

एवढं साधं मला कळलं नव्हतं. थोडं बिघडलं तर ती येते, पार बिघडलं तर दारच बंद. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी त्या काळ्या पडद्यासमोर माळ उतरवत बसले आणि मला रडू आलं. झेंडूचा वास अजून येत होता टेबलाला.

चौकातल्या दुकानात मशीन दिलं. दुकानवाला भाई माझ्याच क्लासचा विद्यार्थी, अजून 'बाई' म्हणतो. त्यानं उघडून बघितलं, मान हलवली आणि सांगलीला मोठ्या दुकानात पाठवलं. आठवड्यानं निरोप आला. आतले फोटो, कागद सगळे वाचले, मशीन काही वाचलं नाही. मी त्याला सरळ विचारलं, "खरं सांग, अपडेटनं गेलं का मी बंद केल्यानं?"

"दोन्हीनं, बाई," तो म्हणाला. "आन् वयानं बी. लय जुनं होतं त्ये. जुन्या धोतराला नवं ठिगळ किती दिस टिकायचं?"

लेकीनं तिकडूनच नवं मशीन मागवलं. भाईनं येऊन जोडून दिलं. काय ते देखणं मशीन! आवाज नाही, घरघर नाही, बटण दाबलं की दिवा लागावा तसं चालू. प्रिंटर पहिल्या हाकेला ओ देतो. अक्षरं जिथल्या तिथं. सुभेदार येऊन चारी बाजूंनी बघून गेले, म्हणाले, "आता कसं? आता कायबी टेन्शन न्हाई." लेकही खूश. "आता बघ, तुला काही त्रास होणार नाही," म्हणाली.

झाला नाही. दिवाळी गेली, काही बिघडलं नाही. बारकी अपडेटं आली, गेली. रविवारी फोन यायचा. जेवलीस का, गोळी घेतलीस का, मशीन बरं आहे ना, ठेवू? मी म्हणायची, बरं आहे, ठेव. मग एका रविवारी फोन आलाच नाही, नुसता मेसेज आला, कामात आहे म्हणून. पुढच्या रविवारीही मेसेजच. मला भीती वाटायला लागली. ती तिकडं काय खाते, कशी राहते, वकिलाकडं गेली का, की पुन्हा एकत्र आलेत, मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. आणि विचारायला निमित्त नव्हतं. देखण्या मशीनसमोर मी नुसती बसून राहायची. घर इतकं मोठं आहे हे मला यापूर्वी कधी जाणवलं नव्हतं.

थंडीत एका रविवारी दुपारी मोठं अपडेट आलं. सुभेदार ऊसतोडीसाठी आष्ट्याला गेले होते, गल्लीत शुकशुकाट. पडद्यावर गोल फिरायला लागलं, तशी मी खुर्ची ओढून समोर बसले. देवा, म्हटलं, काहीतरी बिघडू दे. फार नको, आवाज जाऊ दे, प्रिंटर जाऊ दे. आकडा भराभरा वर चढत होता. साठ. सत्तर. ऐंशीला मी उठले. भिंतीवरच्या बटणापाशी जाऊन उभी राहिले. हात वर केला, बटणावर ठेवलासुद्धा. मग मागं घेतला. एक तर मागच्या वेळचा धडा होता, आणि दुसरं म्हणजे त्या यंत्रानं माझं काय वाकडं केलं होतं? पोर माझी, न उघडणारं तोंडही माझं, आणि शिक्षा त्याला? पडदा उजळला. आवाज लावून बघितला, आला. प्रिंटरला कागद घातला, निघाला. अक्षरं टाइप केली, झाली. सगळं नीट होतं. मी पदर तोंडाला लावून रडले.

मग मोबाइल घेतला आणि तिला फोन लावला.

पहिल्याच रिंगला तिनं उचलला. "आई? काय झालं?"

"काही नाही."

"नीट सांग. पडलीस का? छातीत दुखतंय का?"

तिचं घाबरणं बरोबर होतं. आमच्या घरात कारणाशिवाय फोन करायची रीतच नव्हती. एसटीडीच्या काळात तर अवेळी घंटी वाजली की कोण गेलं म्हणूनच विचारायचे. तेच वळण आम्ही पुढं चालवलं होतं.

"अगं, बरी आहे मी. काही झालेलं नाही."

"मग मशीन बिघडलं का?"

"मशीनला काय धाड भरलीय? मोठं अपडेट झालं आत्ताच. लोण्यासारखं चालतंय."

"मग?"

मी भिंतीकडं तोंड करून सांगून टाकलं. "मग काय, करमत नाही मला. तुझी आठवण येते. म्हणून केला."

मला वाटलं चुकलंच आपलं, पोर कामात असणार. "कामात असलीस तर ठेव," म्हटलं.

"ठेवू नकोस," ती म्हणाली. "तू कधी नुसता फोन केलेला मला आठवत नाही, आई. बिघडलं की करायचीस. नवं मशीन आलं आणि वाटलं, आता तुला माझं काय काम."

मी खाली जमिनीवरच बसले. मी तिच्या तासासाठी बिघाडाची वाट बघत होते, आणि माझी पोर तिकडं बसून म्हणत होती, आईला दुरुस्तीपुरतीच मी लागते. अगं बया, अगं माझ्या बाळा. हे मी तोंडानं म्हटलं का मनात, मला सांगता येणार नाही.

"कुणी आहे का गं जवळ?" मी विचारलं.

"कुणी नाही. शुक्रवारी ऑफिसातून आल्यापासून मी तोंडच उघडलं नव्हतं, आई. आत्ता 'काय झालं' म्हणाले ना, तेच पहिलं."

"मी तरी कुठं उघडलं होतं," मी म्हटलं.